आयटी सोडून शाळेत शिकवायचंय: बी.एड., टीईटी, टेट... सुरुवात कुठून करायची?

अर्धविराम:
थोडक्यात परिस्थिती अशी: संगणक शाखेची बी.ई., ६१ टक्के, वय ३५ पूर्ण, खुला प्रवर्ग, दहावीपर्यंत मराठी माध्यम, सध्या आयटीत नोकरी. नववी-दहावीला किंवा अकरावी-बारावीला गणित शिकवायची इच्छा आहे. क्लासमध्ये नाही, शाळेतच आणि रीतसर पात्रता घेऊन.
प्रश्न असे: नोकरी सांभाळून बी.एड. होतं का? टीईटी आणि टेट दोन्ही द्याव्या लागतात का? बी.ई. चालते का? आणि मुळात हे वय चालतं का? 'मनापासून करा, सगळं जमतं' छापाचे प्रतिसाद बाकीच्यांसाठी राखून ठेवावेत ही विनंती.

मधली_सुट्टी:
मनापासून करा, सगळं जमतं. :-)

टाचणवही:
तुमच्या प्रश्नांचा क्रम उलटा करा. बी.एड. ही यातली सगळ्यात सोपी पायरी आहे, म्हणून सगळे तिथून सुरुवात करतात आणि दोन वर्षांनी अडकतात. आधी ठरवायचं ते पद. कुठल्या शाळेतलं, कुठल्या इयत्तेचं, कुठल्या विषयाचं. मग त्या पदाच्या एखाद्या जुन्या जाहिरातीतली पात्रतेची ओळ काढायची आणि आपली पदवी तिथे बसते का ते बघायचं.

एनसीटीईचे (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) २०१४ चे निकष असे: नववी-दहावीसाठी पदवी किंवा पदव्युत्तर पदवीला ५० टक्के आणि बी.एड. अकरावी-बारावीसाठी त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी ५० टक्क्यांनी आणि बी.एड. बी.एड.च्या प्रवेशाला साध्या पदवीधराला ५० टक्के लागतात, तर विज्ञान-गणिताचा अभ्यास असलेल्या अभियांत्रिकी पदवीला ५५. तुम्हाला ६१ आहेत, म्हणजे प्रवेश मिळेल.

अडचण त्यानंतर सुरू होते. प्रवेशासाठी चालणारी पदवी नेमणुकीला चालेलच असं नाही. केंद्रीय विद्यालयाच्या टीजीटी (दहावीपर्यंतचा प्रशिक्षित पदवीधर शिक्षक) गणित पदाला पदवीत गणित हा विषय म्हणून घेतलेला लागतो, त्याच्या जोडीला भौतिक, रसायन, इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, संख्याशास्त्र यांतले दोन. इंजिनिअरिंगचे एम-१ ते एम-४ हे गणिताचे पेपर त्यात धरत नाहीत. पीजीटी (अकरावी-बारावीचा पदव्युत्तर शिक्षक) गणिताला एम.एस्सी. गणित लागतं. थोडक्यात, आजच्या पदवीवर तुमचं 'गणित शिक्षक' हे दार अर्धं बंद आहे. उरलेलं अर्धं खासगी शाळांच्या मर्जीवर.

खडूफळा:
टाचणवही +१. बी.एड.ला मिळणारी अध्यापन पद्धती, म्हणजे मेथड, ही मूळ पदवीच्या विषयांवरून ठरते, हेही जोडा. दोन पद्धती घ्याव्या लागतात. प्रवेशाच्या दिवशी कारकून विचारतो, 'मेथड कुठल्या?', आणि समोरचा हाताला लागतील त्या दोन सांगून मोकळा होतो. पुढे जाहिरातीत 'संबंधित विषयाच्या अध्यापन पद्धतीसह बी.एड.' असं आलं की हात चोळत बसायचं. गणित-विज्ञान की गणित-इंग्रजी, हे आधीच लिहून न्या.

बाकावरचा_बाजीराव:
गणिताचा हट्ट कशाला? संगणकाची बी.ई. आहे ना? सीबीएसईला अकरावी-बारावीला संगणकशास्त्र (०८३) आणि इन्फर्मेटिक्स प्रॅक्टिसेस (०६५) असे दोन विषय आहेत. आत पायथन आणि मायएसक्यूएल. केंद्रीय विद्यालयाच्या २०२२ च्या जाहिरातीत पीजीटी संगणकशास्त्र पदाला बी.ई. संगणक ग्राह्य धरली होती, नव्या जाहिरातीत ती ओळ तपासा. वयोमर्यादा ४०. राज्य मंडळात अकरावी-बारावीला संगणकशास्त्र हा २०० गुणांचा द्विलक्षी विषय आहे, दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सोडून तो घेतात. शिवाय माहिती तंत्रज्ञान हा ऐच्छिक विषय वेगळा. या जागांवर तुमची पदवी चालण्याची शक्यता जास्त. तुम्ही मात्र जिथे ती चालत नाही नेमकं तिकडे निघालात.

शालार्थ_शोधक:
बाजीराव, द्विलक्षी आणि आयटीच्या बऱ्याच तुकड्या विनाअनुदानित आहेत हे सांगायचं राहिलं. पद आहे, पगार संस्था देईल तो. अनेकदा 'तासिका तत्त्वावर'. म्हणजे शिकवलेल्या तासांचे पैसे, मे महिन्याचे शून्य.

बाकावरचा_बाजीराव:
मान्य. पण सीबीएसईच्या खासगी शाळांत पीजीटी संगणकशास्त्राला माणसं मिळत नाहीत, हेही खरं. ज्याला पायथन येतं तो शाळेत येत नाही आणि जो शाळेत येतो तो... जाऊ दे, शिक्षक वाचत असतात इथे.

पत्रावळ:
वयाचं गणित मांडून बघू, कारण या धाग्यावर खरा निर्णय त्यावरच व्हायचा आहे.

राज्य शासन आणि जिल्हा परिषद वगैरेंच्या भरतीला खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ ही कमाल मर्यादा. आज ३५ पूर्ण. बी.एड.च्या सीईटीचा (प्रवेश परीक्षेचा) अर्ज साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, परीक्षा मार्चच्या आसपास, कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या होऊन वर्ग सुरू व्हायला पावसाळा सरतो. तेव्हा वय ३६. दोन वर्षांनी निकाल हातात येतो तेव्हा ३८. त्यानंतर टेट. ती दरवर्षी होत नाही. पहिली डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये, तिसरी मे-जून २०२५ मध्ये. एकदा पाच वर्षांचं अंतर, एकदा दोन. म्हणजे खुल्या प्रवर्गातल्या पस्तिशीच्या माणसाने जिल्हा परिषदेच्या जागेवर डोळा ठेवून नोकरी सोडणं हा जुगार आहे. खासगी अनुदानित संस्थेच्या जाहिरातीत वयाची काय अट आहे ती त्या जाहिरातीत वाचायची, ऐकीव माहितीवर जायचं नाही.

केंद्रीय विद्यालय: टीजीटी ३५, पीजीटी ४०. टीजीटीचं दार बंद झालं. पीजीटीला बी.एड. झाल्यावर साधारण दोन वर्षं मिळतात, पण त्यांच्या मोठ्या जाहिराती २०१८, २०२२, २०२५ अशा आल्या आहेत. एखादी जाहिरात त्या दोन वर्षांत पडली तर ठीक.

खासगी सीबीएसई, आयसीएसई आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांत वयाचा अडसर सहसा नसतो. तिथे अडसर पगाराचा.

मधली_सुट्टी:
पत्रावळ यांनी दोन परिच्छेदांत माणसाला निवृत्त करून टाकलं.

सायली_३३:
टेट आणि टीईटी यांत नेहमी गोंधळ होतो. कोणी एकदा नीट सांगेल का?

टाचणवही:
टीईटी ही पात्रता परीक्षा. घेते महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. पेपर १ पहिली ते पाचवीसाठी, पेपर २ सहावी ते आठवीसाठी. प्रत्येकी १५० गुण, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, पात्रतेला ६० टक्के म्हणजे ९० गुण, मागास प्रवर्गाला ५५ टक्के. पेपर २ मध्ये बालमानसशास्त्र ३०, पहिली भाषा ३०, दुसरी भाषा ३० आणि गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांपैकी एक गट ६०. प्रमाणपत्राची सात वर्षांची मुदत २०२१ मध्ये काढली, आता ते आयुष्यभर चालतं. केंद्राची सीटीईटी सीबीएसई घेते, आराखडा तसाच.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. अभियोग्यता १२०, बुद्धिमत्ता ८०. इथे उत्तीर्ण-अनुत्तीर्ण भानगड नाही, या गुणांवर पवित्र पोर्टलची (राज्याचं शिक्षक भरतीचं संकेतस्थळ) गुणवत्ता यादी लागते. शासकीय, जिल्हा परिषद, महापालिका आणि खासगी अनुदानित शाळांची शिक्षक भरती या गुणांवर चालते.

फक्त नववी ते बारावीला शिकवायचं असेल तर टीईटी लागत नाही, टेट लागते. सहावी ते आठवीच्या पदावर जायचं असेल तर दोन्ही. आणि बी.एड.वाल्यांनी पेपर १ च्या नादी लागू नये. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही असा निकाल दिला आहे. तिथे डी.एल.एड. (पूर्वीचं डी.एड.) च.

गुळाचा_गणपती:
मी म्हणेन टीईटीचा पेपर २ देऊनच टाकावा. अनेक शाळांत आठवी ते दहावीचे तास एकाच शिक्षकाकडे असतात आणि आठवी आली की टीईटीचा प्रश्न आला. सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघा: पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांनाही, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असेल तर, दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगितलं आहे. वीस-वीस वर्षं शिकवलेले लोक आज बालमानसशास्त्राची पुस्तकं उघडून बसलेत. नव्याने येणाऱ्याने सुरुवातीलाच ही कटकट संपवावी.

अर्धविराम:
खूप उपयोगी. नोकरी सांभाळून बी.एड.चं काय? इग्नू किंवा मुक्त विद्यापीठाचं दूरस्थ बी.एड.?

खडूफळा:
नाही. दूरस्थ बी.एड. हे आधीच प्रशिक्षित असलेल्या, सेवेतल्या प्राथमिक शिक्षकांसाठी आहे किंवा ज्यांनी एनसीटीई-मान्य शिक्षक प्रशिक्षण प्रत्यक्ष वर्गात बसून पूर्ण केलंय त्यांच्यासाठी. डी.एड. नसलेल्या अभियंत्याला तिथे प्रवेश नाही. 'करून देतो' म्हणणारा एजंट भेटला तर फोन ठेवा.

नियमित बी.एड. म्हणजे दोन वर्षं. वर्षाला किमान २०० कामाचे दिवस, आठवड्याला ३६ तास. उपस्थिती सिद्धांत आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के, शालेय आंतरवासितेला (शाळेतल्या इंटर्नशिपला) ९० टक्के. आंतरवासिता एकूण २० आठवडे, त्यातला मोठा भाग दुसऱ्या वर्षी सलग. सकाळी सात ते साडेबारा शाळेत उभं राहून दुपारी दोनला स्टँडअप कॉल घेता येईल, पण रात्री पाठ टाचणं (प्रत्येक पाठाचं लेखी नियोजन) कोण लिहिणार?

रिकामा_रकाना:
सगळीकडे 'नॉन अटेंडिंग' चालतं. जास्तीची फी भरा, परीक्षेला उगवा. उगाच घाबरवू नका.

शालार्थ_शोधक:
रकाना, चालतं हे माहीत आहे. कुठे फुटतं ते सांगतो. कागदपत्र पडताळणीला अनुभवाचं प्रमाणपत्र आणि बी.एड.ची गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवतात. २०२६ ते २०२८ नियमित बी.एड. आणि त्याच काळात पूर्णवेळ कंपनीत, तेही दुसऱ्या शहरात, असं दिसलं की उत्तर द्यायची जबाबदारी तुमची, कॉलेजची नाही. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी महिन्यागणिक असतात, त्या लपत नाहीत. नोकरी लागल्यावर दहा वर्षांनी कोणी तक्रार केली तरी चौकशी लागते. नोकरी बदलून पस्तिशीला या क्षेत्रात येणाऱ्याकडे आधीच कागद जास्त असतात, त्यामुळे विसंगती सापडायची शक्यताही त्याचीच जास्त.

दुसरं म्हणजे नॉन अटेंडिंगवाल्याचे सराव पाठ कागदावरच होतात. मग पहिल्यांदा खरा वर्ग समोर येतो तो पगारी नोकरीत, आणि तोही साठ-पासष्ट मुलांचा.

धागा_प्रशासक:
इथे कॉलेजांची नावं, एजंटांचे क्रमांक आणि देणगीचे आकडे लिहू नयेत. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

मधली_सुट्टी:
उडवलेल्या प्रतिसादांत नेमका किती आकडा होता? शैक्षणिक कुतूहल.

आवळा_सुपारी:
नोकरीवाल्यांनी सीईटीचा बाऊ करू नये. १०० प्रश्न, ९० मिनिटं, ऋण गुण नाहीत. मानसिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. कोडिंगच्या मुलाखती दिलेल्या माणसाला पहिले ४० पाण्यात पाय बुडवण्याइतके सोपे जातात. मार्क जातात ते अभियोग्यतेत. तिथे 'विद्यार्थी सतत उशिरा येतो, तुम्ही काय कराल' असे प्रश्न असतात आणि ऑफिसातला मॅनेजर जे करेल ते उत्तर हमखास चुकतं. :-) इंग्रजी माध्यमाच्या बी.एड.ला जायचं असेल तर इएलसीटी हा ५० प्रश्नांचा वेगळा पेपर त्याच वेळी भरावा लागतो. अर्जात तो रकाना निवडला नाही तर नंतर पश्चात्ताप.

कॉलेज निवडताना एनसीटीईची मान्यता कोणत्या वर्षी, किती जागांना, ते बघा. फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली असते, पावती तेवढ्याचीच मागा.

मोगरा_दुपारचा:
थोडं विषयांतर. एम.ए. मराठी आहे, बारा वर्षांचा खंड पडलाय, वय ३९. बी.एड.ला खंड चालतो का? आणि बी.कॉम. झालेल्या बहिणीसाठीही विचारते आहे.

टाचणवही:
विषयांतर नाही, हाच विषय. बी.एड.च्या प्रवेशाला कमाल वय नाही आणि खंडाची अडचण नाही. खंड असल्याचं प्रतिज्ञापत्र काही कॉलेजं मागतात, तेवढंच. एम.ए. मराठी आणि बी.एड. यावर कनिष्ठ महाविद्यालयाची मराठीची पात्रता येते. पण सरकारी भरतीत वयाचं पत्रावळ यांनी मांडलेलं गणित तुम्हालाही लागू. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मराठी सक्तीची झाल्यापासून (कायदा २०२० चा) मराठीचे शिक्षक त्यांना ठेवावेच लागतात, तुमच्यासाठी ती बाजू बघा.

बहिणीला मात्र आत्ताच थांबवा. पाचवी ते दहावीत वाणिज्य नावाचा विषय नाही. बी.कॉम.+बी.एड. हे समीकरण शाळेत कुठेच नीट बसत नाही. कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन किंवा चिटणिसाची कार्यपद्धती शिकवायची तर एम.कॉम. लागेल. म्हणून आधी एम.कॉम., मग बी.एड.

पाटीवरचा_बिंदू:
पस्तिशीतल्या माणसाला पगाराचं कोणीच सांगितलं नाही, म्हणून सांगतो. अनुदानित शाळेत लागलात तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. मानधन १ जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,००० रुपये महिना. त्याआधी ते ६, ८ आणि ९ हजार होतं, म्हणून ही वाढ मोठी वाटते. तीन वर्षं समाधानकारक झाली की वेतनश्रेणी. निवृत्तिवेतन नव्या योजनेचं. म्हणजे बी.एड.ची दोन वर्षं शून्य उत्पन्न अधिक तीन वर्षं १८ हजार. घराचा हप्ता चालू असेल तर आधी तो बघा.

गुळाचा_गणपती:
आणि 'अनुदानित' हा शब्द ऐकून हुरळू नका. अनुदानित, अंशतः अनुदानित, विनाअनुदानित, कायम विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित असे प्रकार आहेत, आणि एकाच इमारतीत खाली अनुदानित तुकडी, वर विनाअनुदानित तुकडी असंही असतं. 'सध्या विनाअनुदानितवर या, अनुदान आलंच समजा' हे वाक्य महाराष्ट्रात कैक वर्षं चालू आहे.

शालार्थ_शोधक:
गणपती यांच्या मुद्द्याला कागदांची जोड देतो. संस्थेने नेमणूक देऊ केली तर हे मागा: त्या शाळेची चालू वर्षाची संच मान्यता (मंजूर पदांचा आदेश) आणि त्यात तुमच्या विषयाचं पद मंजूर आहे की नाही. बिंदुनामावली, म्हणजे ते पद कुठल्या प्रवर्गाचं. जाहिरात पवित्र पोर्टलवर आहे का. अनुदानित पदावर पोर्टल सोडून झालेली नेमणूक वैयक्तिक मान्यतेला अडते. वैयक्तिक मान्यता म्हणजे शिक्षणाधिकाऱ्याने तुमच्या नावाने दिलेला आदेश. तो नसेल तर शालार्थ (शिक्षकांच्या पगाराची ऑनलाइन प्रणाली) आयडी मिळत नाही, आणि आयडी नसेल तर पगार नाही. वर्षभर शिकवून झाल्यावर 'मान्यता प्रस्ताव त्रुटीत' असं पत्र येतं, तेव्हा त्रुटी नेमकी यापैकीच एक असते. मुख्याध्यापकांनी 'होऊन जाईल' म्हटलं तरी झेरॉक्स हातात घेतल्याशिवाय रुजू होऊ नये.

संच मान्यता पटावर ठरते आणि पट आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांचा धरतात. पट घसरला की सगळ्यात कनिष्ठ माणूस अतिरिक्त. नवा आलेला माणूस म्हणजे कनिष्ठ, हे ओघाने आलंच.

रिकामा_रकाना:
एवढं ऐकून अर्धविराम पूर्णविराम होतील.

अर्धविराम:
अजून नाही. :-) पगाराचा हिशोब घरी मांडलेला आहे. आता खरं सांगा, बी.एड.मध्ये शिकवायला खरोखर शिकवतात की नुसत्या वह्या भरायच्या?

खडूफळा:
दोन्ही. वह्या भरपूर आहेत, हे खोटं कशाला सांगा. पण सूक्ष्म अध्यापन मन लावून केलं तर फायदा होतो. एक कौशल्य, पाच-दहा जणांचा गट, सहा मिनिटांचा पाठ. त्यावर सहा मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक), बारा मिनिटांत पुन्हा नियोजन, सहा मिनिटं पुन्हा पाठ, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एक चक्र ३६ मिनिटांचं. सज्जता प्रवर्तन (मुलांना पाठाकडे वळवणं), प्रश्न कौशल्य, चेतक बदल (आवाज, हावभाव बदलून लक्ष टिकवणं), फलकलेखन, प्रबलन (शाबासकी देणं) ही नेहमीची कौशल्यं. नंतर सेतू पाठ, त्यात दोन-तीन कौशल्यं एकत्र, आणि मग शाळेतले पूर्ण तासाचे सराव पाठ.

कंपनीतून आलेल्यांच्या सवयी पहिल्या आठवड्यात ओळखू येतात. फळ्याऐवजी स्लाइड शोधतात. वर्गाकडे पाठ करून फळ्याशीच बोलतात. दर दोन मिनिटांनी 'समजलं?' विचारतात, आणि मुलं एका सुरात 'होऽऽ' म्हणाली की पुढे जातात. तो 'हो' काही सांगत नाही. प्रश्न आधी संपूर्ण वर्गाला विचारायचा, मनात तीन अंक मोजायचे, मग नाव घ्यायचं. नाव आधी घेतलं की उरलेले एकोणसाठ जण सुटीवर.

गणितातलं उदाहरण घ्या. आठवीचा पाठ, एका चलातील समीकरणं. छात्राध्यापक सांगतो, '५ पलीकडे नेला की चिन्ह बदलतं.' क्ष + ५ = १२ ला क्ष = ७ येतं, सगळे खूश. पुढच्या मिनिटाला ५क्ष = २० येतं आणि अर्धा वर्ग लिहितो क्ष = २० − ५ = १५. मुलांनी नियम पाळलाच आहे, नियमच अर्धवट सांगितला होता. दोन्ही बाजूंतून ५ वजा करणं, दोन्ही बाजूंना ५ ने भागणं हे सुरुवातीचे काही दिवस पूर्ण ओळ लिहून करून घ्यायचं, 'पलीकडे नेणं' नंतर. ज्याला स्वतःला गणित चांगलं येतं त्याला ही ओळ लिहिण्याचा कंटाळा येतो. अभियंत्यांचे पाठ बहुधा इथेच घसरतात.

टाचणवही:
फलकलेखनाचं एक जोडतो. फळ्याचे तीन उभे भाग करा: डावीकडे तारीख, घटक आणि सूत्रं, ती तास संपेपर्यंत पुसायची नाहीत. मधल्या भागात उदाहरण. उजवीकडे कच्चं काम, ते पुसत राहायचं. खडू अर्धा मोडून घ्या, किंचाळत नाही. आणि शेवटच्या बाकावर जाऊन एकदा स्वतःचं अक्षर वाचून या.

मधली_सुट्टी:
आणि परिपाठ, स्नेहसंमेलन, निवडणूक, जनगणना, ऑनलाइन माहिती भरणे यांचं सूक्ष्म अध्यापन कुठल्या सत्रात असतं?

पाटीवरचा_बिंदू:
शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. 'सोडून' मध्येच सगळं येतं, ही गंमत. त्यात नियतकालिक मूल्यमापन, निकालपत्रकं, वार्षिक नियोजन, घटक नियोजन हे तर शैक्षणिकच. माध्यमिकला दिवसाला पाच-सहा तास शिकवायचे आणि बाकी मोकळे तास वह्या तपासण्यात किंवा गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर.

सायली_३३:
एक वर्षाचं बी.एड. येणार ऐकलं होतं. मग थांबावं का?

पत्रावळ:
एनसीटीईचा मसुदा फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. त्यात एक वर्षाचं बी.एड. चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी आहे. पण मसुद्याच्या भरवशावर वय घालवायचं नाही, विशेषतः जिथे ४० ची रेघ आहे तिथे. अर्ज भरत राहायचा, बदल झाला तर बघू.

आवळा_सुपारी:
गणित हवंच असेल तर एम.एस्सी. गणित दूरस्थ पद्धतीने आणि बी.एड. नियमित, दोन्ही एकदम करता येईल ना? यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये दोन पदव्या एकाच वेळी घ्यायला परवानगी दिली आहे.

शालार्थ_शोधक:
कागदावर आहे, पण व्यावसायिक अभ्यासक्रमांना त्या त्या परिषदेचे नियमही लागतात. पुढे पडताळणीला बसलेला बाबू परिपत्रक उघडून बघेलच असं नाही. शिवाय आठवड्याचे ३६ तास आणि पाठ टाचणं यांत अमूर्त बीजगणित कधी करणार? नोकरी चालू असताना आधी एम.एस्सी. दूरस्थ, त्यानंतर राजीनामा आणि बी.एड., हा सरळ क्रम. फक्त बी.ई.ला एम.एस्सी. गणिताला प्रवेश सगळी विद्यापीठं देत नाहीत, माहितीपुस्तिकेतली पात्रतेची ओळ वाचा.

बाकावरचा_बाजीराव:
त्या क्रमात आणखी दोन वर्षं गेली की केंद्रीय विद्यालयाचं ४० सुद्धा निसटतं. म्हणून मी परत तेच म्हणतो: संगणकशास्त्र. बी.एड. करा, सीबीएसईच्या खासगी शाळेत पीजीटी संगणक म्हणून शिरा, तिथून जाहिरातींकडे लक्ष ठेवा. मोठ्या शाळांत नववीचं गणित आपसूक हाती येतं, कारण गणिताचा शिक्षक बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या रजेवर कधी ना कधी जातोच.

सीबीएसईचं सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे मुलाखती जानेवारी ते मार्च. लेखी चाचणी, २०-३० मिनिटांचा नमुना पाठ, मग मुलाखत. नमुना पाठाला पायथनमधला लिस्टवर फिरणारा लूप किंवा डिक्शनरी असा छोटा घटक घ्या, संपूर्ण पायथन दाखवायला जाऊ नका. नेमणूकपत्रात सूचना कालावधी आणि मे महिन्याच्या पगाराचा उल्लेख बघा. मूळ प्रमाणपत्रं 'जमा' करून घेणाऱ्या शाळेत पाऊल टाकू नका, दाखवून परत घ्यायची.

अर्धविराम:
सगळ्यांचे आभार. सध्याचा विचार असा: येत्या सीईटीला बसायचं, इएलसीटीसह. अध्यापन पद्धती गणित आणि विज्ञान मागायच्या. राजीनामा प्रवेश निश्चित झाल्यावरच. लक्ष्य पीजीटी संगणक, जिल्हा परिषदेचा विचार सोडला. टीईटीचा पेपर २ बी.एड. चालू असतानाच देता आला तर द्यायचा. यात काही राहिलं का?

खडूफळा:
विज्ञान मेथड बी.ई.ला देतात का, हे त्या कॉलेजला नाही, विद्यापीठाच्या नियमावलीला विचारा. कॉलेज जागा भरायला हो म्हणतं.

टाचणवही:
दोन कागद आताच काढायला टाका. बी.ई.च्या गुणपत्रिकेवर सीजीपीए असेल तर विद्यापीठाचं टक्केवारीत रूपांतर केल्याचं प्रमाणपत्र, कारण ५५ ची अट टक्क्यांत आहे आणि स्वतः गुणून काढलेला आकडा चालत नाही. आणि दहावी, पदवी आणि आधार यांवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते बघा. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर असेल तर राजपत्राची प्रक्रिया कॅप फेरीच्या आठवड्यात उरकत नाही.

अर्धविराम:
सीजीपीएच आहे. उद्याच विद्यापीठात अर्ज टाकतो.